सीडीआर लिहायला बसण्याआधी: ऑस्ट्रेलियासाठी इंजिनिअरिंग पदवीचं मूल्यांकन, टप्प्याटप्प्यानं

ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाचं मनावर घेतलेला इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात सीडीआरचे (क्षमता दाखवणाऱ्या अहवालाचे) करिअर एपिसोड, म्हणजे स्वतः केलेल्या कामाची वर्णनं, लिहायला बसतो. महिनाभर रात्री जागून तीन एपिसोड तयार होतात. मग कळतं, की निवडलेला व्यवसाय पदवीशी जुळत नाही, किंवा ट्रान्सक्रिप्टवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, किंवा आयईएल्ट्सच्या रायटिंगला साडेपाच आलेत. ओळखीपाळखीतून तपासायला आलेले बरेच मसुदे मी वाचले आहेत. त्यांत लिहिण्याच्या चुका असतातच, पण खरं नुकसान क्रम चुकल्यानं झालेलं असतं. म्हणून इथे सगळं क्रमानं मांडलं आहे.

हा लेख भारतात बीई, बीटेक किंवा डिप्लोमा केलेल्यांसाठी आहे. १८९, १९० किंवा ४९१ यांपैकी कुठल्याही पॉइंट्सवर (वय, इंग्रजी, अनुभव यांना मिळणाऱ्या गुणांवर) आधारित व्हिसासाठी आधी मूल्यांकनाचं अनुकूल पत्र हातात लागतं, आणि बहुतेक इंजिनिअरिंग व्यवसायांसाठी ते 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था देते. हे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे, आणि ऑस्ट्रेलियात इंजिनिअर म्हणून काम करण्याचा परवानाही नव्हे. स्थलांतरासाठी तुमची पात्रता तिथल्या निकषांत बसते, एवढंच ते सांगतं.

## टप्पा १: व्यवसाय आणि श्रेणी ठरवा

कंपनीनं दिलेला हुद्दा बाजूला ठेवा. 'डेप्युटी मॅनेजर, प्रोजेक्ट्स' असा व्यवसाय ऑस्ट्रेलियाच्या यादीत नाही. तिथे अँझस्को नावाचं व्यवसायांचं वर्गीकरण वापरतात आणि प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी कोड असतो: सिव्हिल २३३२११, स्ट्रक्चरल २३३२१४, इलेक्ट्रिकल २३३३११, इलेक्ट्रॉनिक्स २३३४११, मेकॅनिकल २३३५१२, प्रॉडक्शन किंवा प्लांट इंजिनिअर २३३५१३. कोडखाली कामांचं वर्णन दिलेलं असतं. ते शांतपणे वाचा आणि स्वतःला विचारा: माझी पदवी, माझे प्रकल्प आणि माझी नोकरी, तिन्ही गोष्टी याच वर्णनाकडे बोट दाखवतात का?

तिन्ही जुळत नसतील तर पदवी आणि प्रकल्प तरी जुळायलाच हवेत. मेकॅनिकलची पदवी घेऊन पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारे आपल्याकडे ढिगानं आहेत. अशा माणसाला मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून मूल्यांकन मिळू शकतं, कारण एपिसोड शिक्षणातल्या प्रकल्पांवरही लिहिता येतात. पण आयटीतली ती वर्षं मेकॅनिकलचा अनुभव म्हणून धरली जाणार नाहीत. हे आधीच मान्य करून पॉइंट्सचं गणित मांडा. आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर (२६१३१३) म्हणूनच जायचं असेल, तर दार वेगळं आहे: ते मूल्यांकन ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटी करते. कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पदवीवर 'इंजिनिअरिंग' हा शब्द आहे म्हणून इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे अर्ज करून पैसे घालवलेले लोक मला माहीत आहेत.

कोडनंतर श्रेणी. चार वर्षांच्या पदवीसाठी 'प्रोफेशनल इंजिनिअर', तीन वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीसाठी 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट', डिप्लोमासाठी 'इंजिनिअरिंग असोसिएट'. चार वर्षांची पदवी असूनही मजकुरातून त्या दर्जाचं काम दिसलं नाही, तर मूल्यांकन करणारा अधिकारी खालच्या श्रेणीचा निकाल सुचवू शकतो. बीई झालेल्या माणसाच्या हाती टेक्नॉलॉजिस्टचं पत्र येतं ते बहुधा पदवीमुळे नव्हे, एपिसोडमुळे. असं का, ते टप्पा ६ मध्ये येईल.

तपासा: निवडलेला व्यवसाय तुम्हाला हव्या असलेल्या व्हिसाच्या यादीत आज आहे का, हे ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. १९० आणि ४९१ साठी प्रत्येक राज्याची यादी वेगळी असते आणि ती बदलत राहते. मित्रानं दोन वर्षांपूर्वी पाठवलेली पीडीएफ उपयोगाची नाही.

## टप्पा २: अकॉर्ड की सीडीआर?

दोन रस्ते आहेत. तुमची पदवी वॉशिंग्टन अकॉर्डखाली (एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मान्य करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्य असेल तर करिअर एपिसोड लिहावे लागत नाहीत. कागदपत्रं आणि इंग्रजीची परीक्षा पुरते. नसेल तर सीडीआर, म्हणजे स्वतःच्या क्षमता पुराव्यानिशी दाखवणारा अहवाल द्यावा लागतो.

अभ्यासक्रमांना मान्यता देणारी भारताची एनबीए ही संस्था जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डची पूर्ण सदस्य झाली. त्यामुळे 'आता सगळ्या भारतीय पदव्या चालतात' असा समज पसरला, आणि तो अजून पसरतोच आहे. वस्तुस्थिती बरीच अरुंद आहे. चार गोष्टी एकेक करून पाहा:

एक, एनबीए हवी, नॅक नव्हे. नॅक कॉलेजला श्रेणी देते, एनबीए अभ्यासक्रमाला. प्रवेशद्वारावर 'ए प्लस' लिहिलेलं असलं तरी त्याचा इथे काही संबंध नाही.

दोन, मान्यता शाखेनुसार असते. त्याच कॉलेजातल्या मेकॅनिकलला असेल आणि इलेक्ट्रिकलला नसेल.

तीन, टियर-१ हवं. अकॉर्डमध्ये फक्त टियर-१ खाली मान्यता मिळालेले अभ्यासक्रम धरले जातात, आणि ते साधारणपणे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे असतात. विद्यापीठाशी संलग्न असलेली नेहमीची कॉलेजं टियर-२ मध्ये येतात. बहुसंख्य लोक इथेच गळतात.

चार, वर्ष. तुम्ही ज्या वर्षी पदवी घेतली ते वर्ष मान्यतेच्या मुदतीत बसलं पाहिजे. कॉलेजला आज मान्यता असून २०१२ साली पास झालेल्याला काहीच लाभ नाही.

चारही प्रश्नांना 'हो' असेल तरच अकॉर्ड. एका ठिकाणी जरी 'बहुतेक असेल' असं उत्तर आलं, तरी एनबीएच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी नाव पाहिल्याशिवाय तो रस्ता धरू नका.

## टप्पा ३: कागद गोळा करा

हे काम तिसऱ्या क्रमांकावर ठेवण्याचं कारण साधं आहे. ते तुमच्या हातात नसतं. विद्यापीठाच्या खिडकीवर किती आठवडे लागतील हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून अर्ज आधी टाकायचा आणि कागद येईपर्यंत लिहायचं.

लागतं काय: पासपोर्ट, पासपोर्ट आकाराचा फोटो, पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरचं ट्रान्सक्रिप्ट, इंग्रजीचा निकाल, सीव्ही आणि नोकरीची पत्रं. यादी लहान दिसते, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पदवी प्रमाणपत्र. आपल्याकडे अनेकांनी दीक्षान्त समारंभाचा अर्जच भरलेला नसतो. शेवटच्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर नोकरी लागते आणि पदवी विद्यापीठातच पडून राहते. ती आधी काढा. मार्कशीटवर 'पास' लिहिलेलं असणं आणि पदवी हातात असणं यांत फरक आहे.

नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कित्येकदा शेवटी आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नाव गायब. नुसता क्रम बदललेला असेल तर सहसा अडत नाही, पण स्पेलिंग वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारा अधिकृत कागद हवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद. तो कागद फक्त मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर जोडा. माझ्या स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर वडिलांच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. दुरुस्तीला सात आठवडे गेले, आणि तोवर बाकीचं सगळं तयार होऊन बसलेलं.

थेट दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर सहाच सेमिस्टर असतात. वाचणाऱ्याला ती तीन वर्षांची पदवी दिसते. डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि सगळ्या मार्कशीट जोडा, आणि सीव्हीत प्रवेश कसा झाला ते एका ओळीत लिहा.

स्कॅन मूळ कागदाचं आणि रंगीत हवं. झेरॉक्सचं स्कॅन, मोबाइलनं तिरका काढलेला फोटो, कृष्णधवल पीडीएफ, यातलं काही पाठवू नका. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला मजकूर असेल तर तीही बाजू घ्या.

## टप्पा ४: इंग्रजीची परीक्षा

आयईएल्ट्सला चारही भागांत प्रत्येकी किमान ६ लागतात. सरासरी साडेसहा आणि रायटिंग साडेपाच, हे चालत नाही. पीटीई आणि टोफेलही घेतले जातात. 'आमचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं' असं कॉलेजचं पत्र इथे कामाचं नाही.

परीक्षा फार लवकर देऊ नका आणि अगदी शेवटीही ठेवू नका. मूल्यांकनासाठी निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो, तर व्हिसासाठी तोच निकाल तीन वर्षांपर्यंत चालतो. शिवाय ६ गुणांवर मूल्यांकन होतं, पण पॉइंट्स शून्य मिळतात. चारही भागांत ७ आले तर १० आणि ८ आले तर २०. त्यामुळे अनेक जण ६ वर मूल्यांकनाचा अर्ज टाकतात आणि निकाल येईपर्यंतच्या काळात ८ च्या मागे लागतात. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

## टप्पा ५: तीन प्रसंग निवडा

सीडीआरमध्ये तीन करिअर एपिसोड, एक समरी स्टेटमेंट (कुठली क्षमता कुठे दाखवली त्याचा तक्ता) आणि सीपीडीची, म्हणजे पदवीनंतर शिकलेल्या गोष्टींची, यादी असते. एपिसोड एखाद्या प्रकल्पावर, एखाद्या पदावर, एका विशिष्ट तांत्रिक अडचणीवर किंवा शिक्षणातल्या कामावर लिहिता येतो.

लिहिण्याआधी एक कागद घ्या. प्रोफेशनल इंजिनिअरसाठी क्षमतांचे १६ घटक आहेत: ज्ञानाचे सहा (पीई १.१ ते १.६), ज्ञान वापरण्याचे चार (पीई २.१ ते २.४) आणि व्यावसायिक वागणुकीचे सहा (पीई ३.१ ते ३.६). हे घटक डाव्या बाजूला खाली खाली लिहा, वर आडवे तुमचे पाच-सहा प्रकल्प लिहा, आणि कुठल्या प्रकल्पात कुठला घटक दाखवता येईल तिथे खूण करा. जे तीन प्रकल्प मिळून १६ ओळी भरतात ते तुमचे एपिसोड. पीई १.४ (विषयातली नवी दिशा, संशोधन) आणि पीई ३.१ (नीतिमत्ता, जबाबदारी) या ओळी बहुतेकांच्या रिकाम्या राहतात. त्या आत्ताच दिसल्या तर बरं.

मोठा प्रकल्प निवडायचा मोह आवरा. हजार कोटींच्या मेट्रोत तुम्ही तपासणीच्या चेकलिस्टवर सह्या करत होतात, आणि त्याआधीच्या छोट्या नोकरीत एक पंप स्वतः निवडला होता, तर पंप लिहा. निर्णय कुणी घेतला, एवढंच पाहिलं जातं.

साइटवर काम करणारे हमखास म्हणतात, 'मी डिझाइन करतच नाही, मी तर नुसती साइट सांभाळतो.' बरं, पावसानंतर काँक्रीटच्या ७ दिवसांच्या क्यूबची ताकद कमी आली होती, तेव्हा काय केलंत? वाळूतली ओल मोजली, बॅचिंगमध्ये ओलीनुसार पाणी कमी केलेलं नाही हे पकडलं, पाणी-सिमेंट गुणोत्तर पुन्हा काढलं, पुढच्या ओतकामाआधी ट्रायल घेतली. हा एपिसोड आहे. लोक याला 'रोजचं काम' म्हणून सोडून देतात.

तपासा: तीनही एपिसोड एकाच प्रकल्पाचे तीन तुकडे नाहीत ना? एकाच मोठ्या कामातले दोन प्रसंग घेता येतात, पण अडचण आणि वापरलेलं तंत्र तरी वेगळं हवं.

## टप्पा ६: एपिसोड लिहा

प्रत्येक एपिसोड इंग्रजीत, १००० ते २५०० शब्दांत, चार भागांत. सुरुवातीची ओळख साधारण १०० शब्द: तारखा, ठिकाण, संस्था, पद. मग २०० ते ५०० शब्दांची पार्श्वभूमी: प्रकल्प कशाचा, उद्देश काय, संस्थेत तुमची जागा कुठे. तिसरा भाग ६०० ते १५०० शब्दांचा: तुम्ही स्वतः केलेलं इंजिनिअरिंग. शेवटी ५० ते १५० शब्दांचा सारांश. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा, पहिल्या एपिसोडला १.१, १.२, दुसऱ्याला २.१, २.२ असा. हे क्रमांक पुढच्या टप्प्यात लागतात. शेवटी घालू म्हटलं तर गोंधळ होतो.

माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत पार्श्वभूमी नेहमी फुगलेली असते. कंपनीची स्थापना, उलाढाल, प्रकल्पाची किंमत, सहा परिच्छेद. मग 'स्वतः केलेलं काम' पाच वाक्यांत. प्रमाण उलटं हवं.

आता मूळ दुखणं. आपल्याला 'मी केलं' लिहिता येत नाही. घरात मीपणा वाईट म्हणून शिकवलेलं, आणि ऑफिसात अहवालाची भाषा शिकवलेली: 'तपासणी करण्यात आली', 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली'. तेच इंग्रजीत कर्मणी प्रयोग होऊन उतरतं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की काम झालं. कुणी केलं ते कळत नाही, आणि त्याला नेमकं तेवढंच हवं असतं. खालची दोन वाक्यं पाहा. मूळ मजकूर इंग्रजीत असेल, इथे आशय देतो.

नको असा: 'कूलिंग वॉटर पंपमध्ये कॅव्हिटेशनची समस्या आढळली. आमच्या टीमनं सविस्तर अभ्यास करून योग्य उपाययोजना केली आणि समस्या यशस्वीरीत्या सोडवली.'

हवा असा: 'पंपचा आवाज आणि इम्पेलरवरचे खड्डे पाहून मला कॅव्हिटेशनचा संशय आला. मी सक्शन लाइनचं गणित मांडलं. उपलब्ध एनपीएसएच (पंपच्या तोंडाशी शिल्लक राहणारा दाब) ३.१ मीटर निघाला, आणि पंपला त्या प्रवाहाला ३.४ मीटर लागत होता. सक्शन पाइपमध्ये घर्षणानं १.२ मीटर जात होते. पंप खाली बसवणं आणि पाइप मोठा करणं हे दोन पर्याय मी तपासले. पायाचं काम तीन आठवडे उत्पादन थांबवणार होतं, म्हणून मी ८० ऐवजी १०० मिलिमीटरचा पाइप सुचवला. त्यानं घर्षण सुमारे ०.४ मीटरवर आलं आणि उपलब्ध एनपीएसएच ३.९ मीटर झाला, म्हणजे गरजेपेक्षा ०.५ मीटर जास्त. पाइपिंगच्या सहकाऱ्यानं सपोर्टवरच्या वाढीव वजनाची शंका काढली. मी त्याच्याबरोबर बसून ते पुन्हा तपासलं.'

दुसऱ्या उताऱ्यात एकही भारी शब्द नाही. पण मूलभूत विज्ञान, पर्यायांची तुलना, खर्च-वेळेचं भान, सहकाऱ्याबरोबरचं काम, सगळं आलं. पहिल्यात 'यशस्वीरीत्या' सोडून काहीही नाही. टेक्नॉलॉजिस्टचा निकाल मिळालेले बरेचसे एपिसोड पहिल्या जातीचे असतात: उपकरण चालवलं, प्रक्रिया पाळली, अहवाल दिला. 'का' कुठेच नाही.

एवढं सांगूनही लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि पानभर समीकरणं ओततात. गणित दोन-चार ओळींत पुरे. तक्ते, फोटो आणि आकृत्या फार घालू नका. कंपनीची ड्रॉइंग्ज आणि गोपनीय कागद चिकटवू नका. तुमचे आकडे आणि तुमचा तर्क पुरेसा असतो.

सावधान: इंटरनेटवर विकत मिळणारे 'नमुना एपिसोड' आणि एजंटांचे तयार सीडीआर यांच्यापासून लांब राहा. मजकूर चोरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. तोच बॉयलर, तोच सबस्टेशन, तीच वाक्यं अधिकाऱ्यानं शंभर वेळा वाचलेली असतात. पकडलं गेलं तर अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करण्यावर काही काळ बंदी येते. त्याहून वाईट म्हणजे मूल्यांकन संस्थेला दिलेली खोटी माहितीही व्हिसाच्या वेळी सार्वजनिक हिताच्या निकष ४०२० खाली येऊ शकते, आणि त्याखाली व्हिसा नाकारला गेला तर तीन वर्षांचा अडसर उभा राहतो. आणखी एक: एपिसोडबद्दल पुरावा मागितला जाऊ शकतो किंवा फोनवर विचारलं जाऊ शकतं. दुसऱ्यानं लिहिलेला पंप तुम्हाला समजावून सांगता यायला हवा.

इंग्रजी साधं ठेवा. व्याकरण कुणाकडून तपासून घेतलंत तर काही बिघडत नाही. वाक्यं मात्र तुमचीच असू द्या.

## टप्पा ७: समरी स्टेटमेंट

हा एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात घटक, दुसऱ्यात तुम्ही तो कसा दाखवलात, तिसऱ्यात परिच्छेदाचा क्रमांक. तुमच्या श्रेणीचाच नमुना घ्या. टेक्नॉलॉजिस्टचा तक्ता प्रोफेशनल इंजिनिअरला चालत नाही.

तक्ता भरताना दोन टोकं दिसतात. काही जण प्रत्येक घटकापुढे दहा-दहा परिच्छेद ठोकून देतात, 'कुठेतरी सापडेलच' या आशेनं. काही जण घटकाची व्याख्याच दुसऱ्या रकान्यात उतरवतात. एका घटकाला एक-दोन नेमके परिच्छेद द्या. तक्ता भरून झाला की उलटं तपासा: दिलेला परिच्छेद उघडा, फक्त तो वाचा, आणि विचारा, यातून हा घटक खरंच दिसतो का? नसेल तर तक्ता नको, एपिसोड दुरुस्त करा. वरच्या पंपच्या परिच्छेदापुढे पीई १.१, पीई २.१ आणि पीई ३.६ बसतात. पीई १.४ बसवायला गेलात तर ओढाताण दिसेल.

एपिसोडमध्ये नंतर एखादा परिच्छेद घातला किंवा काढला, की सगळे क्रमांक सरकतात. ही चूक मी स्वतः शेवटच्या रात्री पकडली होती.

## टप्पा ८: सीपीडी आणि सीव्ही

पदवीनंतर काय शिकत राहिलात, त्याची यादी म्हणजे सीपीडी. नाव, तारीख, ठिकाण, आयोजक. एका ए-४ पानात. प्रशिक्षण, परिसंवाद, मानकांचा अभ्यास, व्यावसायिक संस्थेचं काम, सगळं येतं. प्रमाणपत्रं जोडायची गरज नसते, म्हणून खोटी नोंद घालायचीही गरज नाही.

सीव्हीत महिना आणि वर्षासह सगळा काळ दाखवा. नोकरी नसलेला काळही लिहा. 'घरी होतो, परीक्षेची तयारी' असं लिहिलेलं चालतं. रिकामी जागा मात्र प्रश्न निर्माण करते.

## टप्पा ९: अनुभवाचं मूल्यांकन घ्यायचं का?

हे ऐच्छिक आहे आणि वेगळी फी लागते. पण अनुभवाचे पॉइंट्स मागणार असाल तर घ्यावं, असं माझं मत. ऑस्ट्रेलियाबाहेरच्या (म्हणजे भारतातल्याही) ३ वर्षांच्या अनुभवाला ५, ५ वर्षांच्या अनुभवाला १० आणि ८ वर्षांच्या अनुभवाला १५ पॉइंट्स मिळतात, आणि निमंत्रणाआधीच्या (व्हिसासाठी अर्ज करण्याचं गृह विभागाचं बोलावणं) १० वर्षांतलाच अनुभव धरतात. तुम्ही मागितलेले पॉइंट्स नंतर गृह विभागाला पटले नाहीत, तर व्हिसाच नाकारला जाऊ शकतो. आधी कळलेलं स्वस्त पडतं.

अनुभव पदवीनंतरचा, पगारी, आठवड्याला किमान २० तासांचा आणि निवडलेल्या व्यवसायाशी जवळचा हवा. पुरावा दोन बाजूंनी द्यायचा. एक, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र: हुद्दा, सुरुवात-शेवटच्या तारखा, आठवड्याचे तास, कामांची यादी आणि सही करणाऱ्याचं नाव-पद. दोन, त्याला दुजोरा देणारा तिसऱ्याचा कागद: फॉर्म १६, २६ एएस, ईपीएफ पासबुक, पगाराच्या स्लिपा.

एचआरचं ठरलेलं अनुभवपत्र तीन ओळींचं असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यात कामं नसतात, तास नसतात. कामांसह पत्र नोकरीत असतानाच मागा. राजीनामा दिल्यावर एचआरचं प्रेम आटतं. कामांची यादी तुम्हीच तयार करून साहेबांना तपासायला द्या, पण अँझस्कोचं वर्णन जसंच्या तसं उतरवू नका. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत एकच मजकूर असेल तर कोण विश्वास ठेवेल?

## टप्पा १०: अर्ज भरा, आणि त्यानंतर

अर्ज ऑनलाइन भरतात. फी वेळोवेळी बदलते, ती संकेतस्थळावरच पाहा. जादा पैसे देऊन फास्ट ट्रॅक घेता येतो. त्यानं तुमची फाइल अधिकाऱ्याच्या टेबलावर लवकर जाते, पण अपुरे कागद त्यानं पुरे होत नाहीत. 'सबमिट' दाबल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी एवढं करा:

- प्रत्येक पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचा. चुकीची फाइल जोडणं ही सगळ्यांत सामान्य चूक आहे.
- एपिसोड, सीव्ही आणि नोकरीचं पत्र समोरासमोर ठेवून तारखा जुळवा. एपिसोडमधला प्रकल्प मार्चमध्ये आणि नोकरी मे महिन्यात सुरू, असं मी पाहिलं आहे.
- अर्जातला कोड आणि एपिसोडमधलं काम पुन्हा एकदा जुळवा.

अधिकाऱ्यानं जादा माहिती मागितली तर घाबरून सगळा सीडीआर नव्यानं लिहू नका. जे विचारलं तेवढंच द्या. एखादा एपिसोड सुधारायला सांगितला असेल, तर काय कमी वाटलं ते पत्रात लिहिलेलं असतं. तेवढाच भाग भरा आणि समरी स्टेटमेंटचे क्रमांक पुन्हा पाहा. श्रेणी बदलून देऊ का, असं विचारलं तर लगेच 'हो' म्हणू नका. ती श्रेणी तुमच्या व्हिसाच्या यादीत आहे का ते आधी बघा.

निकालाचं पत्र आलं की त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, कोड आणि अनुभवाच्या तारखा तपासा. चूक असेल तर लगेच कळवा. मग पत्राची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. निमंत्रण येईल त्या दिवशी हे मूल्यांकन तीन वर्षांच्या आतलं असावं लागतं. शेजारीच इंग्रजीच्या निकालाची तारीख आणि तुमचा पुढचा वाढदिवस लिहा. ३३ पूर्ण झाली की वयाचे पॉइंट्स ३० वरून २५ वर येतात, आणि ४५ व्या वाढदिवसानंतर निमंत्रणच मिळत नाही. जोडीदाराचं वय ४५ च्या आत असेल आणि त्याचा किंवा तिचा व्यवसायही यादीत असेल, तर त्यांचं मूल्यांकन आणि इंग्रजी तुमच्या खात्यात १० पॉइंट्स टाकू शकतात. त्यांच्या पदवी प्रमाणपत्राचा अर्जही आजच विद्यापीठात टाका.